सीमा ओलांडताना स्वयंचलित गाडी का गोंधळते? युरोपातले शेजारी देश शोधतायत उत्तर

युरोपला जायचं म्हटलं की 'शेंगेन व्हिसा' हा शब्द कानावर पडतोच. पण शेंगेन हे एका गावाचं नाव आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशातलं, मोझेल नदीकाठचं हे छोटंसं गाव. नदीच्या पलीकडे जर्मनी, गावाच्या दक्षिणेला लगेच फ्रान्स. तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात, बरोबर तिथेच. १४ जून १९८५ रोजी इथे मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला आणि आपापसातल्या सीमांवरची तपासणी बंद करायचं ठरवलं. प्रत्यक्षात ती बंद व्हायला १९९५ उजाडलं.

आज या भागात गाडी चालवणाऱ्या माणसाला देश कधी बदलला हे अनेकदा कळतही नाही. (सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर 'तात्पुरती' तपासणी पुन्हा सुरू केली, हा भाग वेगळा.) रस्त्याकडेला एक निळी पाटी दिसते, मोबाईलवर नव्या नेटवर्कचा मेसेज येतो, संपलं. लक्झेंबर्गमध्ये नोकरीसाठी दररोज शेजारच्या देशांतून ये-जा करणाऱ्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. त्यांच्यासाठी सीमा ओलांडणं म्हणजे ठाण्याहून मुंबईला कामाला जाण्यासारखंच.

पण गाडी माणूस चालवत नसेल तर? गाडीच स्वतः रस्ता बघत असेल, इंटरनेटवरून पुढच्या धोक्याची माहिती घेत असेल, तर मात्र माणसाला न जाणवणारी ही सीमा तिच्यासाठी खरीखुरी भिंत होते. मोबाईल नेटवर्क बदलतं, वेगाचे नियम बदलतात, आणि मुख्य म्हणजे 'ही गाडी चालवतंय कोण?' या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर बदलतं. हे सगळं काही मीटरच्या अंतरात.

म्हणूनच २०१७ साली जर्मनी आणि फ्रान्सने ठरवलं, की स्वयंचलित गाड्यांची चाचणी करायची तर ती सीमेवरच करू. जर्मनीतल्या मेर्त्सिगपासून सारलुई, सारब्रुकन अशी गावं घेत फ्रान्समधल्या मेट्झपर्यंतचा पट्टा त्यासाठी निवडला गेला. त्याच वर्षी लक्झेंबर्गही त्यात सामील झालं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

'कनेक्टेड' गाडी आणि 'ऑटोमेटेड' गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

कनेक्टेड गाडी म्हणजे बाहेरच्या जगाशी बोलणारी गाडी. पुढच्या वळणामागे अपघात झालाय, रस्त्यावर बर्फ आहे, एक मार्गिका दुरुस्तीसाठी बंद आहे, अशा गोष्टी ती दुसऱ्या गाड्यांकडून किंवा रस्त्याकडेच्या यंत्रणेकडून जाणून घेते. चालवतो मात्र माणूसच.

ऑटोमेटेड, म्हणजे स्वयंचलित गाडीत चालवण्याचं काम थोडं किंवा पूर्ण यंत्र करतं. याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात. इथे महत्त्वाच्या दोनच. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते, माणसाला रस्त्यावरची नजर काढता येते, पण गाडीने हाक मारली की त्याला स्टिअरिंग हातात घ्यावं लागतं. चौथ्या पायरीवर ठरावीक भागापुरती माणसाची गरजच उरत नाही.

गाडीवरचे कॅमेरे आणि रडार सरळ रस्त्यावर काहीशे मीटरपर्यंत पाहू शकतात. वळणापलीकडे, चढापलीकडे, ट्रकच्या पुढे काय आहे हे त्यांना दिसत नाही. तिथे कनेक्शन कामी येतं. त्यामुळे चांगली स्वयंचलित गाडी ही सहसा कनेक्टेडही असते. आणि सीमेवर पहिला घोळ होतो तो या कनेक्शनचाच.

सीमेवर नेटवर्क का तुटतं?

मोबाईल घेऊन तुम्ही शहरभर फिरता तेव्हा फोन सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात असतो. कॉल चालू असला तरी ते जाणवत नाही, कारण दोन्ही टॉवर एकाच कंपनीचे असतात. पहिला टॉवर दुसऱ्याला आधीच सांगून ठेवतो, 'हा ग्राहक तुझ्याकडे येतोय, जागा तयार ठेव.'

देश बदलला की हा निरोप जात नाही. जर्मन कंपनीचा टॉवर फ्रेंच कंपनीच्या टॉवरला ओळखत नाही. फोन जुन्या नेटवर्कचा शेवटचा धागा सुटेपर्यंत त्याला चिकटून राहतो. तो सुटला की आजूबाजूला कोणती नेटवर्क्स आहेत ते शोधतो, त्यातलं एक निवडतो, तिथे नव्याने नोंदणी करतो. ते नेटवर्क मग मूळ देशातल्या कंपनीला विचारतं, हा ग्राहक तुमचाच का? होकार आला की इंटरनेट सुरू. या सगळ्यात काही सेकंद जातात, कधी मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त.

व्हॉट्सॲपचा मेसेज दहा सेकंद उशिरा आला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे जाते. दहा सेकंद नेटवर्क नसणं म्हणजे ३६० मीटर बाहेरची काहीच खबर नसताना जाणं. त्या पट्ट्यात कुणी उलट्या दिशेने गाडी घालत असेल, तर त्याचा इशारा पोचायलाच हवा त्या वेळी पोचणार नाही.

यात भर पडते ती रेडिओ लहरींच्या राजकारणाची. एका देशाच्या टॉवरचे सिग्नल शेजारच्या देशात घुसून तिथल्या सेवेत अडथळा आणू नयेत म्हणून देशांनी आपापसात करार केलेले असतात. सीमेजवळच्या टॉवरची ताकद मर्यादित ठेवावी लागते. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की जिथे अखंड नेटवर्कची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच पट्ट्यात दोन्ही बाजूंचे सिग्नल अशक्त.

आणखी एक गंमत आहे. रोमिंगमध्ये असताना तुमचा डेटा बहुतेक वेळा आधी मायदेशी जातो आणि मग इंटरनेटवर. म्हणजे फ्रान्समध्ये शिरलेल्या जर्मन गाडीने पन्नास मीटर मागच्या फ्रेंच गाडीला 'मी ब्रेक दाबतेय' असं कळवायचं ठरवलं, तर तो निरोप आधी शेकडो किलोमीटर दूर जर्मनीतल्या सर्व्हरकडे जाऊन मग परत येणार. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायला दिल्लीमार्गे पार्सल पाठवण्यातलाच हा प्रकार.

यावर तोडगा काढण्यासाठी युरोपियन युनियनने २०१८ च्या अखेरीस सीमेवरच्या ५जी चाचण्यांचे तीन मोठे प्रकल्प सुरू केले. '५जीक्रोको' हा मेट्झ, मेर्त्सिग, लक्झेंबर्गच्या त्रिकोणात. '५जी-कार्मेन' इटलीतल्या बोलोन्यापासून आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून जर्मनीतल्या म्युनिकपर्यंत, सुमारे ६०० किलोमीटर. आणि '५जी-मोबिक्स', ज्यात स्पेन-पोर्तुगाल आणि ग्रीस-तुर्कस्तान या दोन सीमा होत्या. ग्रीस-तुर्कस्तानचं नाव वाचून भुवया उंचावतील. एजियन समुद्रावरून ज्या दोन देशांचं वर्षानुवर्षं बिनसलेलं आहे, त्यांच्या मोबाईल कंपन्या किपी-इप्साला नाक्यावर ट्रकसाठी नेटवर्क जोडायला एकत्र आल्या. शिवाय तिथे युरोपियन युनियनची बाहेरची सीमा आहे, म्हणजे कस्टमची खरीखुरी तपासणी.

या चाचण्यांत जे सापडलं ते ऐकायला साधं आहे. दोन देशांच्या कंपन्यांनी आपली नेटवर्क्स थेट एकमेकांना जोडली, गाडी येण्याआधीच तिचा तपशील पलीकडे पाठवला, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जवळच छोटे सर्व्हर बसवले, तर तुटीचा काळ सेकंदाच्या अंशांपर्यंत खाली येतो. तंत्रज्ञान उपलब्ध आहे. मात्र प्रत्येक सीमेवर प्रत्येक कंपनीने पलीकडच्या प्रत्येक कंपनीशी अशी जोडणी करायची, तर खर्च कोण उचलणार? सीमेजवळची गावं बहुधा विरळ वस्तीची, ग्राहक थोडे. प्रयोगासाठी युरोपियन युनियनने पैसे दिले. रोजच्या धंद्याचं गणित कंपन्यांना स्वतः सोडवायचंय, आणि ते अजून सुटलेलं नाही.

पावसाची व्याख्या काय?

नेटवर्कचा प्रश्न सुटला असं धरून चालू. गाड्या एकमेकींशी बोलायला लागल्या. पण त्या कोणत्या भाषेत बोलणार?

फ्रान्समध्ये मोटरवेवर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर. पाऊस पडत असेल तर ११०. लक्झेंबर्गमध्येही तसंच. जर्मनीत मात्र ऑटोबानवर मोटारींना सरसकट मर्यादा नाही, १३० ही फक्त शिफारस. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० पासून दिवसा १००. आता फ्रेंच कायदा 'पाऊस असेल तर' म्हणतो, पण किती पाऊस? माणूस काचेवरचे थेंब बघून अंदाज घेतो. गाडीला मात्र कुणीतरी आकडा ठरवून द्यावा लागतो. वायपर सुरू झाला म्हणजे पाऊस? मग पुढच्या ट्रकने उडवलेल्या पाण्याचं काय?

पाट्यांचे रंगही सारखे नाहीत. जर्मनी आणि फ्रान्समध्ये मोटरवेच्या पाट्या निळ्या, स्वित्झर्लंड आणि इटलीत हिरव्या. फ्रान्समध्ये हिरवी पाटी असते, पण ती वेगळ्या दर्जाच्या रस्त्यांवर. वाहतूक तुंबली की जर्मनीत सगळ्यात डावीकडची रांग आणखी डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, आणि मधून रुग्णवाहिकेला वाट मिळते. ऑस्ट्रियानेही २०१२ पासून हे बंधनकारक केलं. शेजारच्या प्रत्येक देशात असा कायदा नाही. म्हणजे एकाच परिस्थितीत गाडीने एका देशात बाजूला सरकायचं आणि दुसऱ्या देशात आपल्या मार्गिकेत थांबायचं.

या भाषेच्या प्रश्नावर सर्वांत आधी काम सुरू केलं ते नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रियाने. जून २०१३ मध्ये तिघांनी रॉटरडॅम ते फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना असा 'बोलका' महामार्ग उभारायचा करार केला. सुरुवात कशाने केली? चालकविरहित गाड्यांनी नाही. रस्तादुरुस्तीच्या वेळी मागे उभा केला जातो तो बाण दाखवणारा ट्रेलर त्यांनी घेतला आणि त्यावर रेडिओ बसवला. 'पुढे काम चालू आहे, उजवी मार्गिका बंद' हा निरोप तो थेट गाड्यांना देणार.

इतका साधा निरोप, पण त्यातही तीन देशांचे तीन प्रकार निघाले. मार्गिका मोजायच्या कुठून, डावीकडून की उजवीकडून? कामाची जागा म्हणजे ट्रेलरची जागा की खोदकामाची? इशारा किती आधी द्यायचा? प्रत्येक मुद्द्यावर बैठका झाल्या. २०१६ मध्ये 'सी-रोड्स' नावाचं व्यासपीठ स्थापन झालं आणि हे नियम बाकीच्या देशांसाठीही एकसारखे लिहायला सुरुवात झाली. या सगळ्याचे रंगीत व्हिडिओ निघत नाहीत. पण रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला मागून येणाऱ्या ट्रकची धडक बसू नये, हा या कंटाळवाण्या बैठकांचा थेट उपयोग आहे, आणि तो चालकविरहित टॅक्सीच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठा आहे.

एका बाबतीत मात्र युरोपला एकमत जमलं नाही. गाड्यांनी जवळच्या जवळ बोलताना वाय-फायवर आधारित रेडिओ वापरायचा की मोबाईल तंत्रज्ञानावर आधारित? युरोपियन कमिशनने वाय-फायच्या बाजूने झुकणारा नियम तयार केला. एकीकडे फोक्सवॅगन, दुसरीकडे बीएमडब्ल्यू आणि मोबाईल कंपन्या असे तट पडले. जुलै २०१९ मध्ये सदस्य देशांनी तो नियम फेटाळला. दोन्ही तंत्रज्ञानांच्या गाड्या एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. यात देशांची सीमा कुठेच नाही, तरी भिंत मात्र उभी राहिलीच.

कायदा म्हणतो, गाडीला चालक हवा

आता सर्वांत अवघड भाग. रस्ते वाहतुकीचा जागतिक पाया म्हणजे १९६८ चा व्हिएन्ना करार. या कराराचं आठवं कलम सांगतं, की चालत्या प्रत्येक वाहनाला चालक असला पाहिजे आणि वाहन त्याच्या ताब्यात असलं पाहिजे. त्याच कलमात जनावरं हाकणाऱ्यांचाही उल्लेख आहे. बैलगाडी आणि घोडागाडी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं हे वाक्य पुढे पन्नास वर्षांनी संगणकाच्या आड येईल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार.

२३ मार्च २०१६ पासून करारात पहिली दुरुस्ती लागू झाली. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा चालतील, पण त्या चालकाला केव्हाही बंद करता आल्या पाहिजेत किंवा तांत्रिक नियमांत बसल्या पाहिजेत, असं ठरलं. मग १४ जुलै २०२२ रोजी '३४ बीस' हे नवं कलम लागू झालं. त्याने सांगितलं, की गाडी मान्यताप्राप्त स्वयंचलित यंत्रणेवर चालत असेल तर 'चालक हवा' ही अट पूर्ण झाली असं समजावं.

वाटलं, सुटला प्रश्न. पण त्याच कलमात पुढे एक अट आहे. ही सवलत फक्त त्या देशाच्या हद्दीपुरतीच लागू, जिथे त्यासाठीचे देशांतर्गत नियम आणि कायदे आहेत. म्हणजे जो करार मुळात एका देशाची गाडी दुसऱ्या देशात बिनदिक्कत जाता यावी म्हणून झाला, त्याच करारातलं स्वयंचलित गाड्यांचं कलम सीमेवर येऊन थांबतं. देशांना दोष देणंही सोपं नाही. शेजाऱ्याने मंजूर केलेलं यंत्र आपल्या रस्त्यावर, आपल्या मुलांच्या शाळेसमोरून जाणार असेल, तर शेवटचा शब्द आपला असावा असं कुठल्याही सरकारला वाटणारच.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो, हे मर्सिडीजच्या उदाहरणातून दिसतं. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या 'ड्राइव्ह पायलट' या तिसऱ्या पायरीच्या यंत्रणेला जर्मनीत मान्यता मिळाली. वाहतूक तुंबलेली असताना, ताशी ६० किलोमीटरपर्यंत, ऑटोबानवर गाडी स्वतः चालेल. ही मान्यता संयुक्त राष्ट्रांच्या '१५७ क्रमांकाच्या' तांत्रिक नियमानुसार होती, आणि तो नियम कित्येक देशांनी स्वीकारलेला आहे. म्हणजे यंत्र म्हणून गाडीला शेजारी देशही मानतात. पण 'चालकाने हात सोडले तर चालेल का, नजर काढली तर चालेल का' हे प्रत्येक देशाचा वाहतूक कायदा ठरवतो. जर्मनीने तो २०१७ मध्ये बदलला. फ्रान्समध्ये तसा बदल लागू झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात गाडी तीच, रस्ता तोच, आणि सीमेच्या एका बाजूला जे कायदेशीर ते दुसऱ्या बाजूला बेकायदा.

स्टिअरिंग परत देतानाही नियम आहे. १५७ क्रमांकाच्या नियमानुसार गाडीने माणसाला हाक मारल्यावर त्याला किमान दहा सेकंद द्यायचे. त्याने तरीही दाद दिली नाही तर गाडीने हळूहळू वेग कमी करून थांबायचं. सीमेआधी हे करणं नकाशाच्या मदतीने सोपं आहे. पण शेकडो गाड्या रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी चालकांना जागं करणार, त्यातल्या काही थांबणार, हे चित्र फारसं सुखावह नाही.

ट्रकवाल्यांना याची चव आधीच मिळाली होती. एप्रिल २०१६ मध्ये डाफ, डाइमलर, इवेको, मॅन, स्कॅनिया आणि व्होल्वो या सहा कंपन्यांचे ट्रक एकामागे एक, वायरलेसने जोडलेले, वेगवेगळ्या देशांतून रॉटरडॅमला पोचले. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचे आपोआप दाबणार, त्यामुळे ते अगदी जवळजवळ चालू शकत होते. पण जर्मनीत नियम असा, की साडेतीन टनांवरच्या ट्रकने ऑटोबानवर ताशी ५० च्या पुढे जाताना पुढच्या वाहनापासून ५० मीटर अंतर ठेवावं. मग सूट मागा. पुढचा देश, पुन्हा अर्ज, पुन्हा सूट. रॉटरडॅममधल्या स्वागतानंतर काही दिवसांतच, १४ एप्रिल २०१६ ला, युरोपियन युनियनच्या वाहतूकमंत्र्यांनी 'ॲमस्टरडॅम जाहीरनामा' स्वीकारला आणि कनेक्टेड व स्वयंचलित वाहतुकीसाठी एकत्र काम करायचं मान्य केलं.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

समजा, जर्मनीत नोंदणी झालेली, लक्झेंबर्गच्या रहिवाशाने चालवलेली गाडी फ्रान्समध्ये कुणाला तरी धडकली, आणि धडकेच्या क्षणी यंत्र चालवत होतं की माणूस यावर वाद आहे.

पहिला प्रश्न, कायदा कोणत्या देशाचा? फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यासाठी १९७१ च्या हेग कराराकडे बघतात. जर्मनी त्या करारात नाही, तिथलं न्यायालय युरोपियन युनियनचा वेगळा नियम लावतं. म्हणजे दावा कुठे दाखल झाला यावर लागू होणारा कायदा बदलू शकतो.

दुसरा प्रश्न, पुरावा कुठे आहे? जर्मन कायद्यानुसार अशा गाडीने माणसाकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून माणसाकडे ताबा कधी गेला, त्याची वेळ आणि ठिकाण नोंदवून ठेवायचं असतं. ही नोंद साधारणपणे सहा महिने, अपघात झाला असेल तर तीन वर्षं ठेवतात. पण फ्रेंच पोलिसांना ती वाचता आली पाहिजे, मागण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि ती कोणत्या स्वरूपात मिळणार हे ठरलेलं असलं पाहिजे.

तिसरा प्रश्न, दोष कुणाचा? जर्मनीत भार मुख्यतः गाडीच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर येतो. माणसांना झालेल्या इजेसाठी भरपाईची कमाल मर्यादा स्वयंचलित यंत्रणेच्या बाबतीत दुप्पट, म्हणजे १ कोटी युरो केली आहे. फ्रान्समध्ये १९८५ पासूनचा कायदा अपघातग्रस्ताला झटपट भरपाई मिळावी असाच आहे. शिवाय २०२१ च्या अध्यादेशाने यंत्र नियमांनुसार चालवत असताना चालकाला फौजदारी जबाबदारीतून मोकळं केलं आणि ती उत्पादकाकडे वळवली. त्यामुळे जखमी माणसाला पैसे मिळण्याची सोय दोन्हीकडे आहे. तुरुंगात कोण जाऊ शकतं, याचं उत्तर मात्र रस्त्याच्या कोणत्या टोकाला अपघात झाला यावर अवलंबून राहू शकतं.

चौथ्या पायरीच्या गाड्यांत गुंता आणखी वाढतो. जर्मनीच्या २०२१ च्या कायद्यानुसार अशा गाडीवर दुरून लक्ष ठेवणारी एक पात्र व्यक्ती नेमलेली असावी लागते आणि गाडीने फक्त मंजूर भागातच फिरायचं असतं. फ्रान्समध्येही दुरून हस्तक्षेप करणाऱ्या व्यक्तीची तरतूद आहे. पण सारब्रुकनमधल्या ऑफिसात बसलेला माणूस मेट्झमधल्या बसला 'थांब' म्हणू शकतो का? त्याचं प्रशिक्षण फ्रान्सने मान्य केलंय का? युरोपियन युनियनने ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ण स्वयंचलित वाहनांसाठी सामाईक तांत्रिक नियम आणले, पण कोणत्या रस्त्यावर त्या फिरतील हे ठरवण्याचा हक्क देशांकडेच ठेवला.

उत्तर टोकाला, बर्फात

या सगळ्यापासून दूर, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, ई-८ नावाचा रस्ता नॉर्वेतल्या ट्रॉम्सोकडून फिनलंडमध्ये उतरतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा ताजा सामन मासा घेऊन ट्रक याच रस्त्याने जातात. मासा थांबत नाही, त्यामुळे ट्रकही थांबू शकत नाही. हिवाळ्यात दिवसचे दिवस सूर्य उगवत नाही, मार्गिकांच्या पट्ट्या बर्फाखाली गायब होतात, मधूनच रेनडिअरचा कळप रस्त्यावर येतो.

फिनलंडने इथे मुओनिओ गावाजवळ 'अरोरा' नावाचा सुमारे १० किलोमीटरचा चाचणी पट्टा २०१७ मध्ये सुरू केला. नॉर्वेने पलीकडच्या स्किबोटन खोऱ्यात 'बोरिआलिस' उभारला. दोन नावं मिळून उत्तर ध्रुवीय प्रकाश, 'अरोरा बोरिआलिस' होतो. सीमा मध्ये ठेवून नाव अर्धं अर्धं वाटून घेण्याची कल्पना झकासच.

इथला धडा जर्मनी-फ्रान्सपेक्षा वेगळा निघाला. कॅमेऱ्याला पट्टी दिसतच नसेल तर गाडीला आपली जागा दुसऱ्या खुणांवरून शोधावी लागते. त्यासाठी रस्त्याकडेला खास खांब आणि खुणा लावून पाहिल्या गेल्या. आणि चढावर ट्रक अडकलाय ही खबर सीमेपलीकडच्या ट्रकला वेळेत मिळाली, तर तो खालीच थांबून साखळ्या लावू शकतो. यासाठी ना चौथी पायरी लागते ना पाचवी. 'नॉर्डिक वे' या प्रकल्पात फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कने हेच केलं. प्रत्येक देशाने आपला सर्व्हर ठेवला, पण ते सर्व्हर एकमेकांशी निरोपांची देवाणघेवाण करतील अशी सोय केली. स्वीडनमधल्या गाडीला रस्ता निसरडा लागला, तर ती माहिती फिनिश गाडीपर्यंत पोचावी.

मग जमलंय काय?

जमलेल्या गोष्टींत सर्वांत ठळक आहे 'ई-कॉल'. ३१ मार्च २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये मान्यता मिळणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलच्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे. जोराची धडक बसून एअरबॅग उघडली, की गाडी स्वतःच ११२ क्रमांक लावते आणि जागा, वेळ, गाडी कोणत्या दिशेने जात होती ही माहिती पाठवते. पोर्तुगालची गाडी पोलंडमध्ये उलटली तरी तिथल्या नियंत्रण कक्षाला तीच माहिती, त्याच स्वरूपात मिळते. चालक बेशुद्ध असो, त्याला तिथली भाषा येत नसो, फरक पडत नाही.

यालाही एक किनार आहे. ई-कॉलची मूळ रचना जुन्या २जी आणि ३जी नेटवर्कवर बेतलेली. आता देशोदेशीच्या कंपन्या ती नेटवर्क्स बंद करतायत, आणि प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं. मोटार पंधरा-वीस वर्षं चालते, मोबाईल तंत्रज्ञान दहा वर्षांत जुनं होतं. चाचणीच्या पट्ट्यांवर ५जीच्या भरवशावर आज जे उभं राहतंय, त्याच्यापुढेही हाच प्रश्न येणार आहे.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे धोक्याच्या माहितीची देवाणघेवाण. निसरडा रस्ता, रस्त्यावर जनावर किंवा माणूस, उलट्या दिशेने येणारी गाडी, धुकं, अचानक बंद झालेली वाट अशा आठ प्रकारच्या माहितीसाठी युरोपियन युनियनचा २०१३ चा नियम आहे. ती शक्य तिथे वापरणाऱ्याला फुकट मिळावी, असं तो सांगतो. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कार कंपन्या, नकाशे बनवणाऱ्या कंपन्या आणि सरकारं या आठ बाबतींत माहिती वाटून घेऊ लागली आहेत.

स्टिअरिंगचा ताबा सोडून सलग दोन-तीन देश ओलांडणं मात्र अजून चाचणीच्या पट्ट्यांबाहेर आलेलं नाही. चाचणीत मागे अभियंता बसलेला असतो, परवानगीचं पत्र खिशात असतं आणि दोन्हीकडच्या पोलिसांना आधी कळवलेलं असतं. रोज सकाळी मेट्झहून लक्झेंबर्गला कामाला निघणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या गाडीला सीमेआधीच्या वळणावर पलीकडे झालेला अपघात कळतो की नाही, हे पुढच्या काही वर्षांत दोन मोबाईल कंपन्यांच्या करारावर आणि तीन देशांच्या वाहतूक खात्यांनी एकच तक्ता मान्य करण्यावर ठरणार आहे.